आयएसओ, यूडीएफ आणि गायब होणाऱ्या परवानग्या: चकतीवर नेमकं लिहिलं काय जातं?

गवाक्ष

लिनक्सवरच्या एका फोल्डरची बीडी-आर (एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रे) चकतीवर कायमची प्रत ठेवायची आहे. फाइलींचे मालक आणि गट वेगवेगळे आहेत, काही डिरेक्टऱ्यांवर एसीएल (मालक-गट-इतर यांपलीकडे एकेकाला दिलेल्या परवानग्यांच्या याद्या) आहेत, काही फाइलींवर यूजर नेमस्पेसमधले एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलीला जोडलेल्या नाव-मूल्याच्या जोड्या) आहेत आणि दोन बायनरींना सेटकॅपने कॅपेबिलिटी (रूटच्या हक्कांतला एखादाच हक्क) दिलेली आहे.

जेनआयएसओइमेजला (चकतीची इमेज बनवणाऱ्या आज्ञेला) कॅपिटल आर (रॉक रिज), कॅपिटल जे (जोलिएट) आणि यूडीएफ असे तिन्ही पर्याय देऊन इमेज तयार केली. नुसता माउंट दिला की सगळ्या फाइलींना सरसकट सारख्या परवानग्या दिसतात आणि मालकाचा पत्ता नाही. माउंटला टाइप आयएसओ९६६० असं स्पष्ट सांगितलं की मालक आणि परवानग्या बरोबर येतात, पण एसीएल आणि अ‍ॅट्रिब्यूट दाखवणारे गेटएफएसीएल आणि गेटएफअ‍ॅटर रिकामे.

एकाच इमेजची दोन रूपं का? आणि एसीएल नि अ‍ॅट्रिब्यूट चकतीवर गेलेच नाहीत, की गेलेत पण दिसत नाहीत?

सेक्टर सोळा

आधी एक सोय: धागा देवनागरीत आहे म्हणून आज्ञा आणि पर्याय इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर ते रोमनमध्येच द्यायचे. हेक्समधली ए ते एफ अक्षरंही तशीच समजून घ्या.

तुमच्या इमेजमध्ये एकाच डेटाकडे बोट दाखवणाऱ्या तीन स्वतंत्र सूच्या आहेत. पहिली मूळ आयएसओ ९६६० ची (सीडीचं जुनं मानक), तिच्याच नोंदींच्या शेपटीला रॉक रिज (युनिक्सच्या परवानग्या नि नावांची भर) चिकटलेलं. दुसरी जोलिएटची (विंडोजसाठीच्या लांब नावांची). तिसरी यूडीएफची (चकत्यांच्या नव्या मानकाची). फाइलींचा मजकूर एकदाच लिहिलेला असतो, पण परवानगी ही मजकुराची गोष्ट नाही, ती सूचीत असते. म्हणून वाचणारी प्रणाली कोणत्या सूचीतून आत शिरली यावर तुम्हाला काय दिसणार ते ठरतं.

जेनआयएसओइमेजची यूडीएफ सूची मुळात अर्धवट आहे. तिच्या मॅन पानातच लिहिलंय की यूडीएफमध्ये यूआयडी-जीआयडी (मालक नि गटाचे आकडे) नाही, पोझिक्स (युनिक्स धर्तीच्या) परवानग्या नाहीत आणि सिमलिंकही नाहीत. अशा जोड-इमेजला ब्लॉकआयडी (फाइल सिस्टिम ओळखणारं अवजार) यूडीएफ म्हणून ओळखतो, म्हणून नुसता माउंट दिला की तुम्ही त्या अर्धवट सूचीत जाता. टाइप आयएसओ९६६० दिला की कर्नेल रॉक रिज वाचतो. जोलिएट आणि रॉक रिज दोन्ही असतील तर लिनक्स रॉक रिजलाच पसंती देतो, तिथे चिंता नाही.

यूडीएफची खरी गरज नसेल तर तो पर्याय काढून टाका, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

रात्रीचा क्रॉन

मूळ आयएसओ ९६६० मध्ये परवानग्या नव्हत्याच ना? वाचायचीच चकती, लिहायचा प्रश्न नाही, मग कशाला लागतील, असं बहुतेक ठिकाणी सांगतात.

सेक्टर सोळा

होत्या की. आणि बऱ्यापैकी विचार करून केलेल्या होत्या, फक्त पुढे कोणी वापरल्या नाहीत.

डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद ३३ बाइटच्या ठरलेल्या भागाने सुरू होते. शून्यापासून मोजलं तर ० व्या बाइटमध्ये नोंदीची लांबी. १ ल्या बाइटमध्ये एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट रेकॉर्डची लांबी, ब्लॉकमध्ये. २ ते ९ मध्ये फाइल कुठल्या ब्लॉकपासून आहे, १० ते १७ मध्ये आकार, १८ ते २४ मध्ये तारीख-वेळ, २५ मध्ये फ्लॅग. शेवटी नावाची लांबी आणि नाव.

त्या १ ल्या बाइटमध्ये शून्य नसेल तर फाइलच्या मजकुराआधी, त्याच सलग जागेत, तेवढे ब्लॉक अ‍ॅट्रिब्यूट रेकॉर्ड बसलेलं असतं. म्हणजे नोंदीतला पत्ता रेकॉर्डचा असतो आणि मजकूर त्याच्यापुढे सुरू होतो. आकाराच्या रकान्यात मात्र हे रेकॉर्ड धरत नाहीत. स्वतःची स्क्रिप्ट लिहून जुन्या चकतीतून फाइली उपसणारे इथे हमखास आपटतात: फाइलच्या सुरुवातीला २०४८ बाइटचा कचरा येतो आणि शेवटचे २०४८ बाइट तुटतात.

रेकॉर्डच्या पहिल्या ४ बाइटमध्ये मालक, पुढच्या ४ मध्ये गट (१६ बिटांचा आकडा, दोन्ही बाइटक्रमांत), मग २ बाइट परवानग्या. त्यानंतर निर्मिती, बदल, मुदत संपणे आणि लागू होणे अशा चार तारखा, प्रत्येकी १७ बाइट. परवानग्यांचे वर्ग चार: सिस्टिम, मालक, गट, इतर. व्हीएमएस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम पाहिलेल्यांना ही चौकडी लगेच ओळखू येईल. प्रत्येक वर्गाला वाचणे आणि चालवणे एवढे दोनच हक्क, लिहिण्याचा बिटच नाही. आणि अर्थ उलटा: बिट शून्य म्हणजे परवानगी आहे, एक म्हणजे नाही. विषम क्रमांकाचे सगळे बिट कायम एक. शिवाय नोंदीच्या फ्लॅग बाइटमधला ४ क्रमांकाचा बिट लावलेला असेल तरच मालक-गटाला अर्थ.

लिनक्सचा आयएसओएफएस (आयएसओ वाचणारा ड्रायव्हर) हे रेकॉर्ड ओलांडून पुढे जातो. लांबी पत्त्यात मिळवतो आणि मोकळा होतो, परवानग्या पाहतसुद्धा नाही. रॉक रिज नसेल तर तो प्रत्येक फाइलला सरळ ५५५ (सगळ्यांना वाचणे-चालवणे) देतो. कर्नेलच्या टिपेत कारण दिलंय: चकती डॉसच्या यंत्रांबरोबर वाटून वापरलेली असू शकते, तेव्हा कुठलीही फाइल चालवण्याजोगी असू शकते. फ्रीबीएसडीच्या माउंट_सीडी९६६० ला स्मॉल ई पर्याय दिला तर तो हे रेकॉर्ड वाचतो.

रात्रीचा क्रॉन

उलटे बिट! म्हणजे रेकॉर्ड शून्यांनी भरून टाकलं तर सगळ्यांना सगळं खुलं.

सेक्टर सोळा

आणि विषम बिट शून्य राहिल्यामुळे नियमबाह्यही. पडताळणी करणारं अवजार तिथेच बोंब मारतं.

मुक्काम पोस्ट टर्मिनल

रॉक रिजबद्दल थोडं सविस्तर, कारण गवाक्ष यांचं नव्वद टक्के काम तिथेच होणार आहे.

आयएसओ ९६६० च्या नोंदीत नावानंतर उरलेली जागा प्रणालीच्या वापरासाठी मोकळी ठेवली होती. त्या जागेत अनेकांना न भांडता नांदता यावं म्हणून एसयूएसपी हा करार आला: प्रत्येक तुकडा दोन अक्षरांची सही, एक बाइट लांबी, एक बाइट आवृत्ती आणि मग मजकूर. सही ओळखीची नसेल तर लांबीइतकं पुढे सरकायचं. रॉक रिज म्हणजे या करारातल्या काही सह्या. पीएक्समध्ये परवानग्या आणि मालक, एनएममध्ये खरं नाव, एसएलमध्ये सिमलिंक, टीएफमध्ये वेळा, पीएनमध्ये डिव्हाइस नंबर, आणि सीएल, पीएल, आरई या तिघांत आठ पातळ्यांपेक्षा खोल डिरेक्टऱ्यांची हलवाहलव.

स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर:

डीडी आयएफ=इमेज.आयएसओ बीएस=२०४८ स्किप=१६ काउंट=१ | एक्सएक्सडी

पहिले १६ सेक्टर म्हणजे ३२७६८ बाइट प्रणालीसाठी राखीव, म्हणून १६ पासून. दुसऱ्या बाइटपासून सीडी००१ दिसलं पाहिजे. याच सेक्टरमध्ये, शून्यापासून मोजलं तर, १५६ व्या बाइटवर मूळ डिरेक्टरीची ३४ बाइटची नोंद आहे. १५८ पासूनचे ४ बाइट उलट क्रमाने वाचले की तिचा सेक्टर मिळतो. तो आकडा स्किपला देऊन पुन्हा डीडी चालवा.

आता पहिल्याच नोंदीत, म्हणजे स्वतःकडे बोट दाखवणाऱ्या टिंबाच्या नोंदीत, ५३ ५० ०७ ०१ बीई ईएफ ०० ही सात बाइटची एसपी सही शोधा. ही असेल तरच पुढचं सगळं खरं. ही नसेल तर वाचणारा रॉक रिज नाही असं धरतो, मग बाकीच्या नोंदींत कितीही पीएक्स असोत.

पीएक्स ५० ५८ ने सुरू होतं. तिसरा बाइट २४ असेल तर ३६ बाइटचं जुनं १.१० आवृत्तीचं पीएक्स, २सी असेल तर ४४ बाइटचं १.१२ चं, ज्यात शेवटी आयनोड क्रमांकही असतो. प्रत्येक आकडा दोनदा लिहिलेला, आधी लहान टोकाकडून आणि मग मोठ्या टोकाकडून. ६४४ परवानग्यांची साधी फाइल अशी दिसते:

ए४ ८१ ०० ०० ०० ०० ८१ ए४

म्हणजे ८१ए४, ऑक्टलमध्ये १००६४४. त्यामागून दुव्यांची संख्या, यूआयडी, जीआयडी, प्रत्येकी ८ बाइट. सेटयूआयडी आणि स्टिकी बिटही याच आकड्यात बसतात, त्यांना वेगळी जागा नाही.

इथे ८१ए४ ऐवजी ८१२४ दिसलं तर ते ४४४, आणि इमेज बहुधा स्मॉल आर देऊन बनवली आहे. स्मॉल आर आणि कॅपिटल आर यांत लोक फार गफलत करतात. कॅपिटल आर फाइलीवर आहे तसंच उचलतो. स्मॉल आर मालक नि गट शून्य करतो, वाचण्याचे सगळे बिट लावतो, एखादा जरी चालवण्याचा बिट असेल तर तिघांनाही चालवण्याचा हक्क देतो, लिहिण्याचे बिट काढतो आणि सेटयूआयडीसारखे खास बिट पुसतो. वाटायच्या चकतीला स्मॉल आर उत्तम. बॅकअपला तो चालत नाही.

पीएक्समध्ये फक्त आकडे आहेत, नावं नाहीत, हेही ध्यानात असू द्या. इथला १००१ दुसऱ्या यंत्रावर भलताच कोणी असेल.

रात्रीचा क्रॉन

एसपीच्या शेवटचा तो ०० कशासाठी?

मुक्काम पोस्ट टर्मिनल

प्रत्येक नोंदीत किती बाइट सोडून एसयूएसपी सुरू होतं ते. सीडी-रॉम एक्सए चकत्यांत त्या जागी आधी १४ बाइटची एक्सए नोंद असते, तिच्यातही मालक, गट आणि परवानग्यांचे दोन बाइट असतात. साध्या फाइलीला ते ०डी५५ आणि डिरेक्टरीला ८डी५५ असे सहसा दिसतात. तशा चकतीवर एसपी १४ बाइट पुढे सरकलेली असते. लिनक्सला सुरुवातीला एसपी सापडली नाही तर तो १४ बाइट पुढे जाऊन पुन्हा बघतो.

बिटकोळी

माफ करा, पण जुन्या काळातल्या ठिगळांवर एवढा वेळ कशाला? बीडी-आर आहे तर सरळ यूडीएफ घ्या. ईसीएमए १६७ या मानकावर बसलेलं, ३२ बिटांचे मालक-गट, प्रत्येक वर्गाला पाच हक्क, वर नेम्ड स्ट्रीम (फाइलला जोडलेला वेगळ्या नावाचा जादा मजकूर). २.०० आवृत्तीपासून एनटी एसीएल आणि युनिक्स एसीएल यांच्यासाठी स्ट्रीमची नावंसुद्धा ठरवून दिलेली आहेत. कागदावर यापेक्षा चांगलं काही नाही.

सेक्टर सोळा

"कागदावर" हा शब्द तुम्हीच वापरलात ते बरं झालं. :)

यूडीएफची रचना सुरेख आहे, वाद नाही. फाइल एन्ट्रीमध्ये परवानग्यांचे ३२ बिट: खालचे पाच इतरांचे, पुढचे पाच गटाचे, त्यापुढचे पाच मालकाचे. प्रत्येक पाचात खालून वर चालवणे, लिहिणे, वाचणे, अ‍ॅट्रिब्यूट बदलणे, पुसणे. युनिक्सचं ७५५ तिथे १सीए५ होतं: इतरांचे ५, गटाचे ५ पाच घरं डावीकडे, मालकाचे ७ दहा घरं डावीकडे. शेवटचे दोन हक्क युनिक्सच्या तीन बिटांत मावत नाहीत, त्यामुळे मोडमध्ये ते दिसत नाहीत. सेटयूआयडी, सेटजीआयडी आणि स्टिकी या रकान्यात नसतातच, ते आयसीबी (फाइलचा माहिती-ब्लॉक) टॅगच्या फ्लॅगमध्ये ६, ७ आणि ८ क्रमांकाच्या बिटांवर असतात. परवानग्यांचा रकाना तपासून सेटयूआयडी नाही म्हणणारी स्क्रिप्ट हमखास चुकते.

अ‍ॅट्रिब्यूटला दोन घरं. एक फाइल एन्ट्रीच्याच ब्लॉकमध्ये उरलेल्या जागेत, दुसरं वेगळ्या आयसीबीत. प्रकार आकड्यांनी ओळखतात: ३ म्हणजे पर्यायी परवानग्या, ५ फाइलच्या वेळा, १२ डिव्हाइस, २०४८ बनवणाऱ्याच्या वापराचं. ओएस/२ ची अ‍ॅट्रिब्यूट आणि मॅकची फाइंडर माहिती या २०४८ खाली बसतात. मोठं काही ठेवायचं तर २.०० पासून नेम्ड स्ट्रीम.

आता लिनक्सचा यूडीएफ ड्रायव्हर. परवानग्या, मालक, गट वाचतो आणि लिहितो. नेम्ड स्ट्रीम नाहीत, एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट नाहीत, एसीएल नाहीत. त्यामुळे गवाक्ष यांनी एमकेयूडीएफएफएसने (यूडीएफ बनवणाऱ्या आज्ञेने) चकती तयार करून सीपी स्मॉल ए केलं, तर एसीएल तिथेच गळणार. मानकात जागा असून उपयोग काय, लिहिणारा हवा ना.

बिटकोळी

एसीएलपुरतं मान्य. पण नुसते मालक-परवानग्या हव्या असतील आणि चकती पुन्हापुन्हा लिहायची असेल तर यूडीएफच सोयीचं, यावर मी ठाम आहे. दोन सूचना मात्र देतो.

विंडोजवर भरलेल्या यूडीएफ चकतीत मालक आणि गट ४२९४९६७२९५ असे सापडतात, म्हणजे सगळे बिट एक. त्याचा अर्थ "सांगितलेला नाही". लिनक्सवर माउंट करताना यूआयडी= आणि जीआयडी= दिले की तो मालक दिसतो. उलट बाजूने, घरच्या काढता येण्याजोग्या चकतीला फर्गेट पर्याय दिला तर लिनक्सही चकतीवर तेच "सांगितलेला नाही" लिहितो. बॅकअपच्या चकतीवर फर्गेट चुकूनही नको.

दुसरं, एमकेयूडीएफएफएसने ताजी केलेली चकती माउंट केली की मूळ डिरेक्टरी रूटची असते आणि साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. नव्या आवृत्त्यांत यूआयडी, जीआयडी, मोड हे पर्याय चकती बनवतानाच देता येतात. नसतील तर एकदा रूटने माउंट करून चाउन (मालक बदल) करा, ते चकतीवर टिकतं.

मुक्काम पोस्ट टर्मिनल

गवाक्ष यांच्या खऱ्या प्रश्नाकडे. एसीएल आणि अ‍ॅट्रिब्यूट आयएसओमध्येच बसवणारं एक अवजार आहे: झॉरिसो. त्याच्यामागची लिबआयएसओएफएस लायब्ररी एसयूएसपीच्याच करारात एएएआयपी नावाची आणखी एक भर घालते. सही एएल, हेक्समध्ये ४१ ४सी. आधी सही एए होती, पण अ‍ॅपलच्या आयएसओ विस्ताराची सहीही तीच, म्हणून बदलली. अ‍ॅट्रिब्यूट नाव आणि मूल्य अशा जोड्यांत लिहिले जातात, आणि एसीएल म्हणजे रिकाम्या नावाचा अ‍ॅट्रिब्यूट. युक्ती झकास आहे.

जेनआयएसओइमेज हे लिहीत नाही, म्हणून तुमच्या इमेजमध्ये ते गेलेलेच नाहीत. माउंट करून शोधण्यात अर्थ नाही.

आधी तुमची झॉरिसो एसीएल जाणते का ते बघा:

झॉरिसो -लिस्ट_एक्स्ट्राज ऑल

लोकल एसीएल आणि लोकल एक्सॅटर (एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट) या दोन्ही ओळींपुढे येस हवं. नो असेल तर ती बांधताना ती लायब्ररी नव्हती, आणि पुढचे पर्याय देऊनही काही साठणार नाही. मग इमेज, रूट म्हणून:

झॉरिसो -फॉर_बॅकअप -एक्सॅटर एनी -आउटडेव्ह संग्रह.आयएसओ -मॅप /डेटा /डेटा

फॉर_बॅकअप म्हणजे हार्डलिंक, एसीएल, एक्सॅटर आणि एमडी५ (मजकूर शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) हे चारही चालू. पण त्यातलं एक्सॅटर फक्त यूजर नेमस्पेसपुरतं की सगळ्यांसाठी, हे आवृत्तीवर अवलंबून. तुमच्या कॅपेबिलिटी सिक्युरिटी नेमस्पेसमध्ये आहेत, म्हणून एनी स्पष्ट द्या, तेही फॉर_बॅकअपच्या नंतर. क्रम उलटा केला तर फॉर_बॅकअप स्वतःचं एक्सॅटर वरून लावतं. जुन्या झॉरिसोत एनी नाही, मग कॅपेबिलिटी सोडून द्या किंवा खाली टारवाला येतीलच.

परत काढताना, पुन्हा रूट म्हणून:

झॉरिसो -फॉर_बॅकअप -एक्सॅटर एनी -ओसिरॉक्स ऑन -इनडेव्ह संग्रह.आयएसओ -एक्स्ट्रॅक्ट /डेटा /परत

एसीएलचे पर्याय इनडेव्हच्या आधीच हवेत, कारण एएल सह्या इमेज उघडतानाच वाचल्या जातात. आधी इनडेव्ह आणि मग एसीएल ऑन दिलं तर फाइली येतात, एसीएल येत नाहीत, आणि चूक म्हणून एक ओळही छापली जात नाही.

हे सगळं झॉरिसोच्या आत. कर्नेल एएल सही अनोळखी म्हणून ओलांडतो, त्यामुळे माउंट केलेल्या चकतीवर गेटएफएसीएल रिकामंच राहणार. इमेजमध्ये काय आहे ते बघायला झॉरिसोच्याच गेटएफएसीएल आणि गेटएफअ‍ॅटर आज्ञा वापरा.

टारवाला

हजर. :)

दहा वर्षांनी चकती उघडणाऱ्याकडे झॉरिसो असेलच असं धरू नका. परवानगी फाइल सिस्टिमवर सोपवूच नका, टारने सगळं एका फाइलीत बांधा आणि परवानगी त्या फाइलच्या आत ठेवा:

टार --एसीएल्स --एक्सॅटर्स --एक्सॅटर्स-इन्क्लूड='*' -सीपीएफ डेटा.टार डेटा

काढतानाही रूट, आणि काढतानाही तोच इन्क्लूड. तो विसरला की सिक्युरिटी नेमस्पेसमधलं काही परत येत नाही, म्हणजे कॅपेबिलिटी गेल्या. तारकेला एकेरी अवतरण घालायचं, नाहीतर शेल तिचं भलतंच करतो. सेलिनक्सची (लिनक्सच्या जादा सुरक्षा-यंत्रणेची) लेबलं हवी असतील तर --सेलिनक्सही.

टारमध्ये मालकाचं नाव आणि आकडा दोन्ही असतात, काढताना नाव जुळलं तर नावाने मालक ठरतो. आकडाच हवा असेल तर --न्यूमेरिक-ओनर.

एक अडचण: ४ जीबीच्या वरची एकच टार फाइल आयएसओत ठेवायची तर लेव्हल ३ लागते, जिथे फाइल अनेक तुकड्यांत नोंदवली जाते. सगळे वाचणारे ते नीट जोडतात असं नाही. स्प्लिटने २००० एमबीचे तुकडे करा, सोबत प्रत्येकाचा शा२५६ (तपासणीचा आकडा), कटकट नाही.

सेक्टर सोळा

टारशी सहमत, पण एक आक्षेप. टारमध्ये घातलं की चकती माउंट करून एक फाइल पटकन उघडायची सोय जाते, आणि मध्येच एक सेक्टर खराब झाला तर दाबलेल्या टारमध्ये त्यापुढचं सगळं अडकतं. सुट्या फाइली असतील तर एकच फाइल जाते.

मधला मार्ग: फाइली सुट्या, कॅपिटल आरने. सोबत दोन मजकूर फाइली:

गेटएफएसीएल -आर(कॅपिटल) --न्यूमेरिक डेटा > एसीएल.टीएक्सटी
गेटएफअ‍ॅटर -आर(कॅपिटल) -डी -एम - डेटा > अ‍ॅट्र.टीएक्सटी

एमपुढचं ते एकटं हायफन महत्त्वाचं, त्याशिवाय फक्त यूजर नेमस्पेस मिळते. परत करताना आधी सेटएफएसीएल --रिस्टोअर, तो रूट असेल तर मालक-गटही लावतो. त्यानंतरच सेटएफअ‍ॅटर --रिस्टोअर. क्रम उलटा केला तर चाउनच्या वेळी कर्नेल सिक्युरिटी कॅपेबिलिटी पुसून टाकतो आणि बायनरी मुकाट्याने हक्क गमावते.

चौथी लिपी

मराठी फाइलनावांबद्दल कोणी बोललंच नाही. परवानग्यांचा आणि नावाचा संबंध आहे, कारण दोघे एकाच नोंदीत जागेसाठी झगडतात.

एक नोंद जास्तीत जास्त २५५ बाइट, आणि लांबी सम हवी म्हणून प्रत्यक्षात २५४. ३३ बाइट ठरलेले, ८.३ चं (आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं) आवृत्तीसकट नाव १४, एक भराव: ४८ झाले. १.१२ चं पीएक्स ४४, तीन वेळांचं टीएफ २६. ११८ गेले, उरले १३६. एनएमला स्वतःचे ५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, आणि काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे चाळीस-त्रेचाळीस चिन्हांतच नोंद भरते. त्यापुढे सीई सही येते, ती स्वतः २८ बाइटची, आणि उरलेलं दुसऱ्या सेक्टरमध्ये जातं. एसीएलची एएल सही असेल तर ती बहुतेक तिकडेच जाते.

हे चुकीचं नाही, कर्नेल सीई नीट वाचतो. पण डीडीने पाहताना पीएक्स किंवा एएल दिसत नाही म्हणून ते नाहीच असं ठरवू नका, आधी सीई शोधा (४३ ४५).

जोलिएटमध्ये प्रत्येक चिन्ह २ बाइट आणि मर्यादा ६४ चिन्हं. तिथे परवानग्या मुळीच नाहीत, मालक नाही, फक्त नाव, वेळ आणि लपवण्याचा फ्लॅग. जेनआयएसओइमेजला इनपुट-कॅरसेट यूटीएफ-८ सांगितलं नाही आणि लोकेल (प्रणालीची भाषा-मांडणी) सी असेल तर जोलिएटमधली मराठी नावं बिघडतात, रॉक रिजमधली मात्र शाबूत राहतात, कारण तिथे बाइट आहेत तसे लिहिले जातात. विंडोज जोलिएट वाचतो, रॉक रिज नाही. त्यामुळे लिनक्सवर सगळं छान दिसतं आणि समोरच्या विंडोजवाल्याकडे नावांचा चुथडा.

रात्रीचा क्रॉन

टीएफचा विषय निघालाच आहे तर: वेळेचा सातवा बाइट १६ दिसतोय. हा काय प्रकार?

मुक्काम पोस्ट टर्मिनल

आपला टाइमझोन. सात बाइट म्हणजे १९०० पासूनचं वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद आणि जीएमटीपासूनचं अंतर १५ मिनिटांच्या पटीत. साडेपाच तास म्हणजे २२ पट, हेक्समध्ये १६. झॉरिसो सहसा जीएमटीच लिहितो, तिथे शून्य असेल. दोन्ही बरोबर, कर्नेल हिशोब करतो. वर्षाचा एकच बाइट आहे, म्हणून ही लहान नोंद २१५५ पर्यंत पुरते. १७ बाइटची लांब नोंदही आहे, फ्लॅगमधला ७ क्रमांकाचा बिट लावला की ती.

गवाक्ष

बरंच स्पष्ट झालं. सुट्या फाइली कॅपिटल आरने, सोबत एसीएलच्या मजकूर फाइली, आणि झॉरिसोचं फॉर_बॅकअप, असं तिन्ही करतोय. यूडीएफ वगळलं.

दोन शंका उरल्या. आधीच्या, स्मॉल आरने बनवलेल्या चकतीवरून सीपी कॅपिटल आर आणि स्मॉल ए ने केलेली प्रत पुसता येत नाही, "परमिशन डिनाइड". आणि सेलिनक्स असलेल्या सर्व्हरवर चकतीतल्या फाइली वेब सर्व्हरला वाचता येत नाहीत, परवानग्या ४४४ असूनही.

सेक्टर सोळा

पहिलं: फाइल पुसायला फाइलवर नव्हे, डिरेक्टरीवर लिहिण्याचा हक्क लागतो. स्मॉल आरने डिरेक्टऱ्या ५५५ झाल्या आणि स्मॉल ए ने त्या तशाच उतरल्या. सीएचमॉड -आर(कॅपिटल) यू+आरडब्ल्यूएक्स(कॅपिटल) करा. कॅपिटल एक्स घेतला तर चालवण्याचा बिट डिरेक्टऱ्यांना आणि आधीच चालवता येणाऱ्या फाइलींनाच लागतो, छायाचित्रं चालवण्याजोगी होत नाहीत.

चकती बिघडलेली नसेल, फक्त परवानग्या चुकीच्या असतील, तर पुन्हा माल गोळा करायची गरज नाही:

झॉरिसो -इनडेव्ह जुनी.आयएसओ -आउटडेव्ह नवी.आयएसओ -बूट_इमेज एनी रिप्ले -चाउन_आर ० / -- -सीएचमॉड_आर जीओ+आरएक्स(कॅपिटल) / --

याद्यांच्या शेवटची ती दोन हायफनं सोडू नका, नाहीतर पुढची आज्ञा फाइलचं नाव समजली जाते.

नुसतं तात्पुरतं बघायचं असेल तर माउंटला मोड= आणि डीमोड= देता येतात, पण रॉक रिज असेल तर सोबत ओव्हरराइडरॉकपर्म लागतं. त्याशिवाय मोड= दिलेला कर्नेल रॉक रिजच्या आकड्यापुढे सोडून देतो.

दुसरं: चकतीवर लेबलं नाहीत म्हणून सेलिनक्स सगळ्या फाइलींना आयएसओ९६६०_टी हा एकच प्रकार लावतो, आणि वेब सर्व्हरच्या नियमांत तो बसत नाही. रिस्टोअरकॉनने (लेबलं पुन्हा लावणाऱ्या आज्ञेने) काही होणार नाही, कारण लिहायला जागाच नाही. माउंट करतानाच कॉन्टेक्स्ट= देऊन वेब सर्व्हरच्या मजकुराचं लेबल संपूर्ण माउंटला लावा. आणि एफएसटॅबमध्ये नोसूइड, नोडेव्ह ठेवा. पीएक्समध्ये सेटयूआयडी आणि पीएनमध्ये डिव्हाइस नंबर येऊ शकतात हे वर आलंच आहे, दुसऱ्याने दिलेल्या इमेजमध्ये काय असेल सांगता येत नाही.

टारवाला

बीडी-आरवर जाळायच्या आधी इमेज लूप माउंट करून नाही, झॉरिसोच्या चेक_एमडी५_आरने तपासा. आणि जाळल्यावर चकतीवरूनच पुन्हा एकदा. एमडी५ चे आकडे इमेजमध्ये वेगळ्या यादीत असतात, पण कोणत्या फाइलीचा कोणता ही खूण त्याच एएल सहीत, आयएसओएफएस नेमस्पेसमध्ये बसलेली असते, त्यामुळे ते जुळले तर अ‍ॅट्रिब्यूटची नोंदही वाचता आली असं समजा.